व्हिन्थ्वेटची डागणी

क्रॉयडन, ३ सप्टेंबर १९८४

चि. हिल्डास, विल्फ्रेडचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा आल्याचा केक पोचला. चव बाबांच्या वेळची आहे, पण या पत्राचं कारण केक नाही.

आधी माझं रडगाणं ऐक. तीस वर्षं मी आपलं आडनाव शोधतोय. साऱ्या इंग्लंडच्या टेलिफोनच्या वह्या चाळल्या, तेव्हा व्हिन्थ्वेटांची सात घरं सापडली. सातही घरांना पत्रं घातली. तिघांनी उत्तरच दिलं नाही. दोन घरांत विधवा बायका आहेत, मुलंबाळं नाहीत. हलच्या एकाने आडनावाला कंटाळून ते बदलूनच टाकलंय आणि तसं मला आनंदाने कळवलंय. ग्रिम्सबीचा म्हातारा माझ्यासारखाच एकटा, त्याने लिहिलं की पुन्हा त्रास देऊ नका. व्हिन म्हणजे पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं आणि थ्वेट म्हणजे ती तोडून मोकळी केलेली जागा, असं आपल्या आडनावाचं मूळ मी त्या प्रत्येकाला समजावून सांगितलं. कोणाला कशाचं काही नाही. तूही लग्न करून टायसनांकडे गेलीस आणि मोकळी झालीस. मी एकाहत्तरचा झालो. माझ्या मागे हे नाव घेणारं कोणी नाही, हे मला जेवताना आठवतं आणि घास गिळवत नाही.

आणि आज तुझ्या केकला गुंडाळलेला पेपर सरळ केला, तर मेंढ्यांच्या प्रदर्शनाचा निकाल. मेंढा, पहिला क्रमांक, रॉब व्हिन्थ्वेट. आपल्याच खोऱ्यात, तुझ्या नाकासमोर, आणि तू मला एका ओळीने कळवू नयेस? मी आजच त्याला चार पानी पत्र आणि वंशवेल पाठवली आहे. मेंढ्यांच्या शिंगांवर नाव उठवायची बाबांची लोखंडी डागणीही त्यालाच द्यायची, असं ठरवून टाकलंय.

उत्तर ताबडतोब दे. रागावलो असलो तरी जीव तुझ्यावरच आहे, तो तूही माझ्यावर ठेव.
तुझा दादा,
विल्फ्रेड


बेकसाइड, ९ सप्टेंबर १९८४

ती. विल्फ्रेडदादास, हिल्डाचा सा. न. वि. वि.

दादा, आधी खुर्चीत बस. रॉब व्हिन्थ्वेट नाही. तो रॉब माऊन्सी. आपलं जुनं शेत, व्हिन्थ्वेट, त्याच्याकडे आहे. पंधरा वर्षांपूर्वी मी तुला लिहिलं होतं की व्हिन्थ्वेटवर माऊन्सी आलेत. तू उत्तरात मला आडनावाचा अर्थ लिहून पाठवलास, तोही तिसऱ्यांदा.

इथे माणसाला शेताच्या नावानेच हाक मारतात, हे तू पार विसरलास. नवव्या वर्षी आत्याकडे गेलास तो गेलास. मला तरी टायसन कोण म्हणतं? मी हिल्डा बेकसाइड. प्रदर्शनात नावं टिपून घ्यायचं काम आमच्या जो टायसनचं. आता नवरा माझाच, म्हणून सांगते, त्याच्या तोंडात जे बसलंय तेच त्याने लिहिलं आणि पेपरवाल्यांनी छापलं.

तुझं पत्र घेऊन रॉब माझ्या स्वयंपाकघरात आला तेव्हा कानापर्यंत लाल झाला होता. तुझी वंशवेल मेजावर पसरून तो म्हणाला की या म्हाताऱ्या माणसाला आता कोणत्या तोंडाने सांगू. त्याच्या बायकोच्या, ॲनीच्या, डोळ्यांत पाणी आलं. जोचं हसू चार दिवस थांबत नाही, त्याला मी दोनदा दटावलं. खरं सांगू, एकदा मीही हसले. मग तुझी वळणदार अक्षरं बघून वाईट वाटलं.

जेवण टाळू नकोस. थट्टा केली म्हणून माया पातळ झाली असं समजू नकोस.
तुझी,
हिल्डा


क्रॉयडन, १४ सप्टेंबर १९८४

चि. हिल्डास, अ. उ. आ.

जोला हसू दे. नाव म्हणजे खुंटीवर टांगलेला कोट नव्हे की आला त्याने अंगात घालावा. मी पेपरला दुरुस्ती छापायला पत्र लिहिलं आहे, आणि रॉब माऊन्सीलाही दोन ओळी लिहिल्या आहेत की यापुढे दुसऱ्याच्या नावावर बक्षिसं घेऊ नयेत.

एवढ्यावर मी थांबणार नाही. जुन्या कागदपत्रांच्या दफ्तरखान्यातल्या बाईंना लिहून चर्चच्या नोंदींची नक्कल मागवली आहे. आपला पहिला व्हिन्थ्वेट कोण, हे एकदा कागदावर येऊ दे. रेल्वेच्या वेळापत्रकात मी चाळीस वर्षं काढली, जोसारखा तोंडात येईल तो एक आकडाही कधी लिहिला नाही.

डागणी पुन्हा कपाटात ठेवली. तू माझी बाजू घ्यायला हवी होतीस, याचंच जास्त लागलं. तरी आठवण ठेव.
विल्फ्रेड


व्हिन्थ्वेट, २३ सप्टेंबर १९८४

माननीय विल्फ्रेडकाका, रॉब माऊन्सीचा नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलंमाकलं पोटात घाला. बक्षिसाचं कार्ड सोबत परत पाठवतोय. मी कधी स्वतःला व्हिन्थ्वेट म्हणवून घेतलं नाही. लोक म्हणतात आणि मी ओ देतो. पहिली दोन वर्षं नको म्हणून पाहिलं, मग नाद सोडला.

एक सांगायचं होतं. आम्ही इथे आलो तेव्हा मेंढ्या शेताबरोबरच मिळाल्या. त्यांना आपला डोंगर माहीत असतो, म्हणून त्या जागा सोडत नाहीत, माणसं तेवढी बदलतात. तेव्हा आमच्या मेंढ्या तुमच्या वडिलांच्याच मेंढ्यांच्या नाती-पणत्या. तो मेंढासुद्धा त्यांतलाच. बक्षीस तसं तुमच्या वडिलांचंच झालं.

बर्फात कोकरं वरच्या भिंतीच्या कुठल्या कोपऱ्याला न्यायची, हे तुमच्या वडिलांना माहीत होतं असं लोक सांगतात. तुम्हाला आठवत असेल तर कळवा. राग सोडून द्यावा, एवढंच मागणं.
रॉब


क्रॉयडन, २० ऑक्टोबर १९८४

चि. हिल्डास, अ. उ. आ.

नक्कल आली. आठ दिवस कोणाला लिहावंसं वाटलं नाही, पण तुला नाही लिहायचं तर कोणाला.

१७४१ साली व्हिन्थ्वेटवर एक मुलगा जन्मला. बापाचं नाव टॉमस ग्रेव्ह. तीन वर्षांनी त्याच बापाला दुसरा मुलगा झाला, तेव्हा पाद्र्याने बापाचं नाव टॉमस व्हिन्थ्वेट लिहिलं. आणि बाप वारला तेव्हाची ओळ अशी की टॉमस ग्रेव्ह, ज्याला व्हिन्थ्वेट म्हणत, मजुरांच्या बाजारातून आलेला गडी. हिल्डा, आपला मूळपुरुष त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तोंडात गवताची काडी धरून बाजारात उभा होता, कोणीतरी कामावर घ्यावं म्हणून. त्याच्याआधी शेतावर कोण होतं, ते पाद्र्यालाही ठाऊक नाही.

तीस वर्षं गं. सात घरांना घातलेली पत्रं, बिस्किटांच्या डब्यांत भरलेली टिपणं, आणि शेवटी निघालं काय, तर तुझ्या जोसारखाच एक पाद्री, ज्याने तोंडात बसलेलं नाव लिहून टाकलं. मला स्वतःचा इतका राग आला की डबे गच्चीत नेऊन ठेवले. मग पाऊस येईल म्हणून आत आणले.

त्या पोराला मी जे लिहिलं त्याची लाज वाटते. कार्ड त्याला परत पाठवलंय आणि सोबत बाबांची डागणीही. तिच्यावरची अक्षरं अजून शाबूत आहेत. त्याला सांग, कोकरं वरच्या भिंतीच्या पूर्वेच्या कोपऱ्याला, जिथे दगडांत ससा जाईल एवढं भोक ठेवून सशाची वाट सोडली आहे. बाबा मला खांद्यावर घेऊन तिथेच जायचे. बाकी मला काही आठवत नाही.

आता मी कोणाचा कोण, ते तूच ठरव. होतो तसाच तुझा धर.
विल्फ्रेड


बेकसाइड, ४ नोव्हेंबर १९८४

ती. दादास, सा. न. वि. वि.

तू मागितलेली दुरुस्ती छापून आली. रॉब माऊन्सी वाचून लोक जोला विचारतात की हा नवीन माणूस कोण.

काल व्हिन्थ्वेटवर डागण्यांचं काम होतं. रॉबने तुझी डागणी तापवली आणि बक्षिसाच्या मेंढ्याच्या शिंगावर पहिली टेकवली. अक्षरं इतकी स्वच्छ उठली की जोने टोपी काढली. धुराचा तो वास आला आणि मला बाबा डोळ्यांपुढे दिसले. मी ॲनीला धरून रडले. पूर्वेचा कोपरा रॉबने जाऊन पाहिला. सशाची वाट अजून आहे.

एक सांगते, रागावू नकोस. कोणीतरी विचारलं की ही जुनी डागणी आली कुठून. रॉबने सरळ सांगितलं की विल्फ्रेड क्रॉयडनने पाठवली. सगळ्यांनी मान डोलावली, कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. मी मात्र रात्रभर तळमळले.

तेव्हा रॉबचा आणि माझा एक विचार झालाय. एप्रिलमध्ये कोकरं येतात, तेव्हा व्हिन्थ्वेटवर माणूस कमी पडतो. तुझी लहानपणची खोली ॲनीने रिकामी करून ठेवली आहे. बिस्किटांचे डबे हवे तर घेऊन ये. दोन महिने राहिलास, तर लोक तुला पुन्हा व्हिन्थ्वेट म्हणायला लागतील. इथे ते असंच मिळतं.

गाडीची वेळ तू मला विचारणार नाहीस, पण कळव तेवढी. वाट बघतेय.
तुझी,
हिल्डा