मुख्य भिंतीवरची फळी

तीर्थरूप मामास,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे, मामीचा खोकला थांबला का, स्वयंपाकघरातली तडकलेली काच बदललीस का, हे सगळं मी विचारलं असं समज. उत्तरं सवडीने दे. मी बरी आहे. अक्कलदाढ काढली, भूल उतरली. पण कामावर परत आल्यावर जे डोक्यात गेलं ते अजून उतरलेलं नाही. (राग. तू प्रत्येक गोष्ट हसण्यावारी नेतोस म्हणून शब्द स्पष्ट लिहिते.)

तू आमच्या गॅलरीला तीन चित्रं पाठवलीस. प्रवासात ती एकमेकांवर आपटू नयेत म्हणून माणसं मध्ये फोम घालतात. तू काय घातलंस? ज्या प्लायवुडच्या फळीला तू वर्षानुवर्षं ब्रश पुसतोस, ती फळी. खोका उघडायला मी असते तर प्रश्न नव्हता. येणाऱ्या प्रत्येक चित्राची प्रकृती आधी मीच तपासते: रंग कुठे सुटलाय, कापड कुठे सैल पडलंय, ओल आहे का. पण त्या दिवशी मी दातांच्या डॉक्टरपुढे आ वासून बसले होते आणि खोका मालकांनी स्वतःच्या हाताने उघडला. मालकांना आम्ही माघारी ‘अद्भुत’ म्हणतो, कारण कशाहीबद्दल त्यांचं दुसरं मत नसतं. माणूस लबाड नाही. लबाड असता तर सोपं गेलं असतं. तरुणपणी घर सोडून इकडे आला, आपल्याकडची नवी चित्रकला इथल्या लोकांनी बघावी म्हणून आयुष्य पणाला लावलं, आणि आता घरून आलेल्या खोक्याची दोरी सुटली तरी त्याला भरून येतं.

मी आले तेव्हा दारासमोरच्या मुख्य भिंतीवर, जिथे मी आईच्या चित्रासाठी माप घेऊन पेन्सिलीने खुणा केल्या होत्या, तिथे फळी होती. एकटी. तीन दिव्यांच्या प्रकाशात. तुझी बाकी दोन चित्रं निदान जिन्याजवळ टांगली होती. आई तळघरात होती, भिंतीकडे तोंड करून, फरशी पुसायच्या बादलीशेजारी. जे चित्र तू आजवर घराबाहेरच्या कुणाला बघायलासुद्धा दिलं नाहीस, जे केवळ मी मागितलं म्हणून पाठवलंस, ते. आई शिलाई मशीनपाशी, दातात दोरा, आणि तिचा उजेड अडवून बसल्याबद्दल तुला झापतेय. गेल्यापासून तिला कुणी असं कोपऱ्यात उभं केलं नव्हतं. जिवंतपणी तर कुणाची छातीच झाली नसती.

मी लगेच सांगितलं, की हे चित्र नाही, ही पुसायची फळी आहे. त्यावर आमच्या क्युरेटर बाईंनी (कुठलं चित्र कुठे लावायचं आणि त्याच्याबद्दल न समजेल असं काय लिहायचं हे त्या ठरवतात) माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “तू ना, फार तंत्राच्या बाजूने बघतेस गं.” मी तंत्राच्या बाजूने बघते कारण मला त्याचाच पगार मिळतो. फळीचं नाव त्यांनी ‘उरलेला किनारा’ ठेवलंय. तुझ्या चहाच्या कपाचा गोल डाग म्हणजे मावळूनही न गेलेला सूर्य आहे. उजव्या कोपऱ्यात एक डास चिकटलाय, तो सजीवाची साक्ष आहे. मी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. डासच आहे. मादी. बाईंनी तेही लगेच माहितीफलकावर घातलं, आणि आता बघायला येणारे आधी डास शोधतात.

इथवर मी सहन केलं असतं. पण मग मालकांनी तुला फोन लावला, आणि तू! मी शेजारी उभी होते, मामा, फोनचा आवाज मोठा होता. त्यांनी विचारलं, यावर किती वर्षं काम केलंत? तू म्हणालास, “अहो, रोज हात फिरायचाच.” शेवटचा हात कधी फिरवलात? “खोका बंद करायच्या जरा आधी.” यात एक शब्द खोटा नाही, हे तुझं कसब मला लहानपणापासून माहीत आहे. (आईची नवी कात्री बोथट झाली तेव्हाही तू ‘मी तिने कापड कापलं नाही’ एवढंच म्हणाला होतास. पत्रा कापला होतास.) मालकांनी फोन ठेवून डोळे पुसले. उद्घाटनाला एक उंच गृहस्थ फळीपुढे डोळे मिटून उभे राहिले आणि आपल्याला आजोळचा वास येतोय म्हणाले. तो टर्पेंटाइनचा वास होता. तीच हवा मी दिवसभर घेते, मला कधी आजोळ आठवलं नाही. आठवलं असतं तर तुझी अजूनच चीड आली असती.

तेव्हा हे पत्र मिळताच मालकांना स्पष्ट कळव, की ती फळी आहे आणि तिच्या जागी आईला लावा. गंमत पुरे झाली. मामीला नमस्कार.

तुझी
(सध्या नावापुरती) भाची

ता. क. पत्र टपालात टाकायचं राहिलं होतं ते बरंच झालं. काल एक बाई हात धुवायची जागा शोधत तळघरात गेल्या. त्यांनी आईला सुलटं केलं, बादली पालथी घातली आणि तिच्यासमोर बसून राहिल्या. त्यांना चित्र विकत हवंय. मालक खाली आले, त्यांनी आईकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच ‘अद्भुत’ म्हणाले नाहीत. आता त्यांना आईला मुख्य भिंतीवर लावायचंय, आणि एकदा तिथे लागली की ती कुणाच्या तरी घरी जाणार. मी म्हटलं, बुरशी आहे, अजून हलवता येणार नाही. नसलेली बुरशी मी या आधी कधीही सांगितलेली नाही. तेव्हा वर लिहिलेल्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही, पण मालकांना काहीही कळवू नकोस. फोन आलाच तर फळीवर तुझा जीव आहे, ती विकायची नाही आणि तिथून हलवायचीही नाही, एवढं सांग. तुला जमेल.

ता. क. दुसरा. बुरशीचं नाव घेतलं म्हणून चित्र माझ्या टेबलावर आणून भिंगाखाली धरावं लागलं. बुरशी नाही. तिच्या बांगडीत दोन सेफ्टी पिना आहेत, त्या मला आजवर दिसल्या नव्हत्या. चित्र विकायचं असेल तर आधी मला विचार. विकायचं नसेल तरी मला विचार. माझ्या खोलीतली खिडकीसमोरची भिंत मोकळी आहे. माप घेतलंय. बसतं.