तुम्ही मोजलेली नाडी

सर, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. तुम्ही होतात तेव्हाही नाही, आणि तेव्हा तर मारेगावचा तुमचा पत्ता माझ्याजवळ होता. आज लिहायला बसलो, त्याला कारण आपल्या फुटबॉल क्लबात आलेली नवीन कोच. सव्वीस वर्षांची पोरगी आहे, अमरावतीला शिकून आलेली. आता आपल्या क्लबात मुलींचाही संघ आहे आणि मी क्लबाचा सचिव आहे. नवीन मॅडमनी आल्या आल्या बॉल कपाटात ठेवले आणि तीन आठवडे पोरींना नुसतं पळायला लावलं, जोर काढायला लावले, दोरीवरून उड्या मारायला लावल्या. परवा एक पोरगी माझ्याकडे तक्रार घेऊन आली. "काका, मॅडम निसत्या पळवूनच राह्यल्या. बॉल कधी देतीन?" मला हसू आलं. मग ती वळून मैदानाकडे गेली, तेव्हा तिची चाल पाहून हसू जिरलं. ती आपल्या सेंटर फॉरवर्डची मुलगी, सर. माझ्या दोस्ताची.

तुम्ही राळेगावात आलात ते पावसाळा सरता सरता. शाळेत व्यायामशिक्षक म्हणून बदली होऊन आला होतात. नागपूरला गुडघा जाईपर्यंत लीग खेळलात, हे कळल्यावर अध्यक्षांनी क्लब तुमच्या हवाली केला. कापसाच्या जिनिंगच्या मागचं आपलं मैदान तेव्हा अजून ओलं होतं, काळी माती बुटांना धरून वर यायची. पहिल्या दिवशी तुम्ही आम्हाला रांगेत उभं करून खिसे रिकामे करायला लावले. सोळा जणांच्या खिशांतून तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या अकरा पुड्या निघाल्या, त्यातली एक माझी. आम्हाला वाटलं, आता या नालीत जाणार. तुम्ही त्या एका दगडावर ओळीनं मांडून ठेवल्या आणि म्हणालात, "खेळ झाल्यावर ज्याची त्यानं घेऊन जा. मी कोणाचा बाप नाही. पण ज्याले दम लागन, त्याले मी इचारीन." त्या दिवशी आम्ही कळंबच्या रस्त्यानं पळालो आणि परत आल्यावर त्या दगडाकडे जायला कोणाच्या अंगात त्राण नव्हतं.

तोवर आमचं फुटबॉल म्हणजे बॉल मारणं. संध्याकाळी यायचं, दोन बाजू पाडायच्या, अंधारेपर्यंत खेळायचं. तुम्ही सकाळी साडेपाचला बोलवायला लागलात. "साठ मिनिटं कोणीही खेळते," तुम्ही सांगायचात. "पुढचे तीस मिनिटं छाती खेळते. पाय नाही." पळून आलो की आम्ही गवतावर आडवे व्हायचो आणि तुम्ही एकेकाजवळ उकिडवे बसून मनगटावर तीन बोटं ठेवायचात. नजर घड्याळावर. आकडा वहीत लिहायचा, दोन मिनिटांनी परत मोजायचं. ज्याची नाडी लवकर खाली उतरते तो तयार, हा तुमचा हिशोब. आम्ही तुमच्या पाठीमागं तुम्हाला वैद्यबुवा म्हणायचो. ते नाव मीच ठेवलं होतं, हे तुम्हाला माहीत नसेल.

एक दिवस मी सगळ्यांसमोर विचारलं, "सर, आम्ही येथी फुटबॉल खेळाले येतो का पोलीसभरतीले?" सगळे हसले. तुम्हीही हसलात. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही शिट्टी खिशात टाकली आणि माझ्या बाजूनं पळायला लागलात. पूर्ण चक्कर पळालात, तो गेलेला गुडघा ओढत. तुमचा श्वास मला ऐकू येत होता आणि मला तुमच्यापुढं जाता येत नव्हतं. पोचल्यावर तुम्ही खाली बसलात आणि हात पुढं केलात. "आता तू मोज." माझी बोटं तुम्हीच धरून तुमच्या मनगटावर नीट जागी ठेवलीत. मला नाडी सापडली तेव्हा मला उगीचच आनंद झाला. "कॅप्टनले हे आलं पाह्यजे," तुम्ही म्हणालात, आणि मी कॅप्टन झालो ते असं.

तुमच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघराचं दार मैदानाकडे उघडायचं. काकू मोड आलेले हरभरे उकडून, वर कांदा नि मीठ घालून, मोठ्या गंजात ठेवायच्या. आम्ही पायरीवर, ओट्यावर, कुठंही बसून खायचो. सुरुवातीला तोंडं वाकडी करणारे आम्हीच, डिसेंबरात काकूंना "अजून आहे का?" विचारायला लागलो. डिसेंबरातच ढाणकीचा संघ आपल्याकडे आला होता. शेवटच्या दहा मिनिटांत त्यांची पोरं कंबरेवर हात ठेवून उभी होती आणि आपण दोन गोल केले. त्या संध्याकाळी तुम्ही बरोबर आहात हे आम्हाला सगळ्यांना समजलं होतं. तोंडानं कोणी कबूल केलं नाही एवढंच.

फक्त माझा दोस्त मागं पडायचा. बॉल त्याच्या पायाशी आला की बघत राहावं असा खेळ, पण पळायच्या वेळी तो सगळ्यात शेवटी. कधी घोटा दुखतो म्हणे, कधी रात्री झोप नाही झाली म्हणे. सायकलच्या दुकानात बापाच्या हाताखाली काम करायचा, त्याचंही निमित्त सांगायचा. आम्ही त्याला आळशी म्हणायचो आणि तोही हसून हो म्हणायचा. जानेवारीतल्या एका सकाळी तुम्ही मला बाजूला बोलावलंत, त्याच्याजवळ नेलंत आणि काही न बोलता माझी बोटं त्याच्या मनगटावर ठेवलीत. तो डोळे मिटून पडला होता, त्याला वाटलं कॅप्टनला शिकवताहेत. मी मोजायला लागलो आणि मोजता येईना. दोन ठोके लागून यायचे, मग काहीच नाही, मग एक, मग घाईनं तीन.

कुंपणाजवळ नेऊन तुम्ही मला विचारलंत, "लहानपणी याचे सांधे सुजले होते का?" मला आठवत होतं. पाचवीत त्याला ताप येऊन गुडघे सुजले होते, दोन महिने शाळेत आला नव्हता. तुम्ही मान हलवलीत. "मी काही डॉक्टर नाही. पण हे हृदयाचं वाटते. डॉक्टरनं पाह्यल्याबिगर मी त्याले मैदानात उतरवत नाही. मी सांगतलं तर त्याले वाटन, सर मले काढून राह्यले. तुह्यं तो ऐकन. मी पाच दिवस अमरावतीले ट्रेनिंगले चाललो, तोवर तू त्याले यवतमाळले घेऊन जा. टीममध्ये आत्ताच बोलू नको." मी हो म्हणालो. यवतमाळची स्पर्धा तीन आठवड्यांवर होती, सर. त्या वर्षी पहिल्यांदा आपण जिंकू असं सगळं गाव म्हणत होतं, आणि गोल करणारा तो एकटाच होता.

मी त्याच्या दुकानात गेलो खरा. तो चाकाचे आरे आवळत बसला होता. मी जे बोलायचं ठरवून गेलो होतो त्यातलं अर्धंच बोललो. "सर तुले घेणार नाही म्हणते स्पर्धेत. तुह्यं पळणं कमी पडते म्हणते." हृदयाचा शब्द मी काढला नाही. त्यानं चाक खाली ठेवलं. "मले काहून नाही सांगतलं त्यांनी?" एवढंच विचारलं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांना कळलं होतं आणि सगळे पेटले होते. मी त्यांना थांबवलं नाही. माझं अक्षर चांगलं, म्हणून अर्ज मीच लिहिला. नवीन कोच खेळ शिकवत नाहीत, खेळाडूंना जनावरांसारखं राबवतात, चांगल्या खेळाडूंवर अन्याय करतात. खाली सोळा सह्या, पहिली माझी. अध्यक्षांना आपला सेंटर फॉरवर्ड पाहिजेच होता. त्यांनी अर्ज वाचला, घडी घातली आणि ठीक आहे म्हणाले.

तुम्ही परत आलात तेव्हा अध्यक्षांनी मैदानाच्या कडेला उभ्या उभ्याच तुम्हाला सांगितलं, की उद्यापासून क्लबात येऊ नका. तुम्ही वाद घातला नाहीत. अर्ज पाहायलाही मागितला नाहीत. माझ्याजवळ येऊन एकच विचारलंत, "त्याले दाखवलं का?" त्या क्षणी खरं बोललो असतो तर अजून काही बिघडलं नव्हतं. मी म्हणालो, "हो सर. दाखवलं. काही नाही म्हणते डॉक्टर." तुमच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून मी तयार होतो. तिथं सुटका दिसली. "बरं झालं," तुम्ही म्हणालात. "म्हणजे माह्यीच चूक झाली." मग तुम्ही चालत त्याच्याकडे गेलात, त्याच्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "चुकलो बाबू. खेळ मस्त." आणि निघून गेलात. त्याला वाटलं, पळणं कमी म्हणून काढत होतात त्याची माफी मागताय.

यवतमाळला तिसरी मॅच. दुसरा हाफ सुरू होऊन थोडाच वेळ झालेला. मी डावीकडून बॉल घेऊन पुढं जातो, तो मधे असायला पाहिजे म्हणून पाहतो, तर तो मधल्या रेघेवर दोन्ही हात टेकून बसलाय. मला वाटतं बूट बांधतोय. मग तो खोकतो आणि तोंडाला लाल फेस येतो. ओठ निळे पडत जातात. कोणीतरी जीप आणतं, मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन मागं बसतो आणि पूर्ण रस्ताभर त्याचा हात धरून असतो, पण मनगटाला बोट लावायची माझी हिंमत होत नाही.

तो वाचला. दवाखान्यात सांगितलं, लहानपणीच्या त्या तापानं हृदयाची झडप आकसली आहे. आधी आला असता तर ही पाळी आली नसती. तुम्ही शाळेतून परस्पर एसटीनं आला होतात, काकूंनी दिलेला डबा हातात. त्याच्या वडिलांशी बोललात, डॉक्टरांशी बोललात, आणि मग व्हरांड्यात माझ्यापुढं येऊन उभे राहिलात. "दाखवलं नव्हतं," तुम्ही म्हणालात. ते विचारणं नव्हतं. मी खाली पाहत राहिलो. तुम्ही हातातला डबा बाकावर ठेवलात. मग म्हणालात, "मी कोणाले सांगणार नाही. त्याले तू सांग. तुह्याच तोंडून त्यानं ऐकलं पाह्यजे." त्यानंतर आठ दिवस तुम्ही त्याच्या उशाशी बसायला येत राहिलात आणि मी आलो की उठून बाहेर जायचात, मला जागा करून द्यायला. मी रोज बसायचो. रोज दुसरंच काहीतरी बोलायचो.

पुढच्या वर्षी तुम्ही मारेगावला बदली मागून घेतलीत. तिथंही सकाळी पोरांना पळवायचात असं कानावर यायचं. तुम्ही गेल्याचं कळलं त्या दिवशी मी पंचायत समितीतल्या माझ्या टेबलावर होतो, मारेगावची बस समोरून गेली आणि मी बसून राहिलो. काकूंना कुठल्या तोंडानं भेटणार होतो?

त्याचं नागपूरला ऑपरेशन झालं. खेळणं तेव्हाच संपलं, जड उचलणंही. रोज गोळ्या घेतो, महिन्याला रक्त तपासतो. दुकान सांभाळतो, लग्न झालं, ही एक मुलगी झाली. आम्ही दोस्त आहोत तसेच आहोत, दर रविवारी त्याच्या दुकानात आमचा चहा होतो. नवीन मॅडमनी आता सगळ्या पोरींना डॉक्टरचा दाखला आणायला सांगितला आहे. दाखला नाही तर मैदान नाही. कमिटीत दोघातिघांनी कुरकुर केली, तेव्हा मी इतक्या जोरात बोललो की सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

मागच्या रविवारी तो दाखल्याचा कागद घेऊन मी त्याच्या दुकानात गेलो. सांगायचं असं ठरवून गेलो होतो. त्यानं कागद वाचला, चष्मा काढला. "चांगलं करून राह्यल्या मॅडम," तो म्हणाला. मग कागदाची घडी घालत म्हणाला, "आपल्या सरांचं मले नवल वाटते. रोज नाडी मोजत होते बे ते. एवढं मोजून मोजून, माह्यं त्यांच्या ध्यानात नाही आलं. आलं असतं तर..." त्यानं वाक्य सोडून दिलं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. इतकी वर्षं तो हेच समजून चालला आहे, की तुम्हाला कळलं नाही. आणि मी तिथं, त्याच्यासमोर, स्टुलावर बसलेला.

मी म्हणालो, "आता पोरीचं पाहू." त्यानं समोरच्या हॉटेलाकडे हात दाखवून दोन चहा सांगितले. आम्ही प्यालो. मी घरी आलो.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, सर, आणि असता तरी मी टाकलं असतं असं छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आलो, की त्याचं हृदय अधू आहे, असलं ऐकून त्याला काही झालं तर. त्या रविवारी दुकानातून परत येताना मला कळलं, ते खोटं आहे. त्याला काही होणार नाही. तो ऐकून घेईल, चाक खाली ठेवेल, आणि पुढच्या रविवारी एकच चहा सांगेल. मला भीती आहे ती एवढ्याचीच.