टाकीची पेटी आणि कमरेच्या किल्ल्या

ती. आक्कास,
धाकटीचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? इकडे देवाच्या दयेने सगळी बरी आहेत. माझी मान तेवढी परवापासून इतकी ताठ आहे की शेकावी लागेल. कारण सांगते.

गच्चीवरच्या लोखंडी टाकीला गंज चढतो म्हणून धाकट्या भाऊजींनी एक विजेची पेटी आणली आणि (वायरमन कशाला, असं म्हणून) स्वतःच जोडली. तिची बारीकशी वीज टाकीतल्या पाण्यात सोडलेल्या दांडीला जाते. मग झिजायची ती दांडी झिजते आणि टाकी शाबूत राहते. (सासूबाई म्हणाल्या, "सासरीच आली म्हण की बिचारी दांडी!")

पण आक्का, ही पेटी अष्टौप्रहर चालू ठेवायची! ना तिचा उजेड, ना वारा. माझ्या हाताला ते सोसेना. भाऊजी कामावर गेले की मी बटण बंद करी आणि ते यायच्या आत पुन्हा चालू.

महिन्याभरात नळाला तांबडं पाणी आलं. देवांनी त्यात मुकाट आंघोळ केली, पण ह्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर डाग पडला तेव्हा घर दणाणलं. जाऊबाईंनी लगेच माझ्या बटणाचं सांगून टाकलं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुमच्या काटकसरीनं टाकी खाल्ली! आता घरखर्च आणि किल्ल्या हिच्याकडे द्या." जाऊबाई तर कमरेला जागा करून उभ्याच! मॅट्रिक झालेल्या बाईचं राज्य एका बटणापायी जाणार, म्हणून मी देवापुढे जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी पेटीच्या कंपनीचे साहेब आले. शिडीवर चढून त्यांनी तारा पाहिल्या आणि वरूनच ओरडले, "अहो, ह्या उलट्या जोडल्यात! दांडी राहिली बाजूला, टाकीच झिजतेय. सतत चालू असती तर एव्हाना चाळण झाली असती. वाचली कशी? आणि जोडल्या कोणी?"

भाऊजी शिडी धरण्यात फारच गुंतले होते. मी पदर सारखा केला आणि म्हटलं, "दिवसभर मी बंद ठेवत होते, म्हणून वाचली."

सासूबाईंनी सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर हात ठेवला गं! किल्ल्या माझ्याच कमरेला आहेत. चालताना हल्ली जरा जास्तच वाजतात, त्याला माझा इलाज नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. तारा आता सुलट झाल्या आहेत. साहेबांनी बजावलंय, यापुढे पेटी बंद म्हणून करायची नाही.

आणखी एक. तुझ्या यजमानांना विजेतलं कळतं. माझं नाव न घेता सहज विचार, अशी पेटी दुपारची घटकाभर बंद राहिली तर टाकीला समजतं का? उत्तर लवकर धाड. कालपासून समजत असेल, तर फार उशीर नको.