कुठंच न सापडलेली ओवी

१८ फेब्रुवारी

रात्रभर डोळ्याला डोळा न्हाई. काल यामिनी मॅडमचा फोन आलता. रविवारी श्रीगोंद्याला कॉलेजात त्यांचा खेळ हाय — आन् त्यात माझी ती ओवी हाय! 'सगळ्या घरानं या,' मनल्या. सासूबाईंना पन फोनवर सांगून मोकळ्या.

मॅडम पुन्याला विद्यापीठात नाटक शिकवत्यात. सोता बी करत्यात. आन् त्याच खेळावर पुस्तक लिवनार. 'करून बघितल्याशिवाय मला लिहिताच येत नाही गं.' दिवाळीच्या आधी आलत्या. आमचं जातं लग्नाच्या हळदीपुरतं निघतं, बाकी गिरनी. त्यांनी काढाया लावलं. माझ्यासमोर बसून खुंटा धरला. हाताला फोड आला तरी उठंनात. आईच्या सगळ्या ओव्या गाऊन झाल्या. हात फिरतच हुता. आन् ही आपसूक तोंडातनं आली —

हंडा कोरडा काठावं, दोरी खुंटीला ऱ्हायली
पान्याला जाता माझी, जाऊ कुनी गं पायली

मोबाईलवर भरत हुतं सगळं. 'ही किती जुनी?' मॅडमनी इचारलं. घाबरले. ह्या घरच्या आज्जीची हाय, मनले.

आज्जीची कुठली! दिपालीची हाय. माझी मोठी जाऊ. गेल्या उन्हाळ्यात इहिरीत सापडली. पाय घसरला, असं पोलिसात सांगितलं. मी पन सही केली — हंडा घिऊन जाताना बघितली मनून. बघितली न्हाई. आदल्या सांजंला तिच्या नवऱ्यानं, हनुमंत भावजींनी, तिला खोलीत कोंडून मारलं. ती वरडत हुती, मग गप झाली. माझी लेक माऊ कडंवर हुती. मी सही केली.

२० फेब्रुवारी

मॅडमला फोन लावला. तेवढी ओवी काढा मनले.

'अगं अंबिका, तोच तर खेळाचा कणा आहे! लाजतेस काय?'

'लाजत न्हाई, मॅडम. नगं मनती ना.'

'आणि ही काय एकट्या तुझी आहे का? आज्जीची, पणजीची, सगळ्या बायांची आहे.'

खरं सांगायला तोंड उघाडलं तर सासूबाई दारात. 'कुनाशी गं येवढं?' फोन ठिवला.

२१ फेब्रुवारी

भावजींनी सदरा इस्त्रीला दिला. त्यांचा सत्कार हाय मनं. जात्याच्या घराचा मान!

२२ फेब्रुवारी

झालं.

मॅडम स्टेजवर जात्यापाशी बसल्या, नऊवारीत. पोरं-पोरी भवती. आधी हसवलं लोकांना. मग दिवा बारका केला आन् माझा आवाज लावला. माझाच! सासूबाईंनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. भावजी म्होरं बघत हुते.

मॅडम माईकवर मनल्या, शंभर वर्सं जुनी ओवी हाय. तवा जरा श्वास आला. वाटलं सुटले. भावजींना शाल-नारळ दिला, फोटू काढला. उतरताना मॅडम लई आनंदात हुत्या, भावजींचा हातच धरला — 'मी सगळे संग्रह पालथे घातले! जामखेडपासून भंडारदऱ्यापर्यंत म्हाताऱ्यांना विचारलं. कुणालाच येत नाही ही ओवी. फक्त तुमच्या घरात आहे!'

'व्हय का,' भावजी मनले. 'आमच्याच घरात?'

'फक्त तुमच्याच!'

बिचाऱ्या मॅडम. त्यांना वाटलं मान देतेय.

२३ फेब्रुवारी

काल घरी आल्यावर सासूबाई येवढंच मनल्या, 'माज्या सासूला न्हवती येत. मला बी न्हाई येत. तुला कुनी शिकिवली?'

सकाळी भावजी चा पीत बसलेले. माऊला मांडीवर घेतलं. तिच्या केसातनं हात फिरवत मला मनले, 'अंबिके, आजून किती ओव्या हायत तुज्याकडं?'

हसत मनले! मी माऊला वडून घेतली. रडली ती.

माऊच्या पप्पांना समदं सांगितलं. उसाच्या ट्रॅक्टरवर निघाले हुते. 'तू गप ऱ्हायला काय झालंतं? सही केलीस ना? मग गायचं कशाला?' पाय धरले, आमाला संगं न्या मनले. मनले — 'दादा समजावल तुला.' आन् गेले. चार दिस येनार न्हाईत.

त्यांना पन ठाऊक हाय समदं.

२४ फेब्रुवारी

माझा मोबाईल घेतला. दुरुस्तीला मनं. नीट चालला हुता. मॅडमचा नंबर त्यातच. फाटकाला कुलूप. माऊला अंगनवाडीत सासूबाईच पोचवनार, मला नगं मनल्या.

२५ फेब्रुवारी

अंगनवाडीच्या ताई, ही वही माऊच्या पिशवीत डब्याखाली ठिवलीय. तुमाला घावंल. दुसऱ्या कुनाला घावली तर त्यांनी वाचा. घरात कुनाला दावू नका. माझ्या भावाला फोन लावा — वाल्मिक, जामखेडला असतो, नंबर ह्या पानाच्या मागं हाय. सही खोटी हुती असं त्याला सांगा. तो येईपर्यंत माऊला घरी धाडू नका. माझं मागनं बघा. आधी फोन लावा.