सगळंच डेलिकेट

मोहर्ली,
१२ फेब्रुवारी २०२४

प्रिय राजदीपभाऊ,

सप्रेम जय भीम. आईचा खोकला उतरलाय. निकेशच्या हाती तुरीच्या शेंगा पाठवते आहे, वहिनीला दे. फोनवर तू "मग बोलू" म्हणून ठेवून देतोस, म्हणून हे पत्र.

भाऊ, माझं डोकं फिरलंय. काल तीन महिन्यांनी जंगलाच्या गेटवर गेले, तर गाइडांच्या यादीत माझं नावच नाही. यादी वारलूभाऊ करतात. म्हणाले, "तुह्या भावाचाच फोन आल्ता ना बाई. तब्येत डेलिकेट हाय म्हने. मले काय मालूम?"

"आता मीच सांगून राह्यली ना, लिहा."

"भावालेच फोन करू दे."

आठ वर्षं या जंगलात लोकांना वाघ दाखवते मी. आणि मी धड आहे हे सांगायला भाऊ लागतो!

तुझा हा शब्द मला पाठ झालाय. ऊर्जानगरात तुझे प्लांटचे मीटर डेलिकेट. आईचं पोट डेलिकेट, तिला तिखट द्यायचं नाही. आपल्या दिव्यानीचं लग्न मोडलं तेव्हा मामला डेलिकेट, म्हणून त्या पोरीला कोणी काही विचारलंच नाही. आता माझा नंबर. मी खोलीत आले की बोलणी थांबतात. निकेशकडे विषय काढला, तर नवरा असून म्हणतो, "डेलिकेट गोष्ट हाय, काऊन काढून राह्यली?" आणि चप्पल घालून बाहेर.

डॉक्टरीणबाईंनी महिनाभर जपायला सांगितलं होतं. आता जिप्सीत बसायला हरकत नाही, असं त्यांनी लिहूनही दिलंय. सोमवारी नवी यादी लागेल. तीत नाव नसलं तर पावसाळा सरेपर्यंत मी घरात.

म्हणून रविवारच्या आत वारलूभाऊंना फोन कर. आणि तो शब्द वापरू नकोस. सांग, नूतनचं बाळ सहाव्या महिन्यात पोटातच गेलं, आता ती कामावर येते आहे. तुला जड जाईल. मीही हे लिहिताना दोन कागद फाडले.

दवाखान्यात नर्सनं बाळाला कापडात गुंडाळून तुझ्याच हातात दिलं होतं. तू मला दाखवलं नाहीस. मुलगी होती, एवढंही मला झाडूवालीकडून कळलं. मी तुझ्यावर फार चिडले आहे, भाऊ. पण तिला पाहिलेला आपल्यात तूच एक आहेस. ती कोणासारखी दिसत होती, ते मला लिहून पाठव.

तुझी बहीण,
आणि तिची आई,
नूतन