तुळशीच्या काठीला बांधलेली हिरवी चिंधी

आत्याबाई,

तुमची कंबर आता कशी आहे? उठताना भिंतीला हात टेकायची सवय होती तुम्हाला, तिकडे टेकायला काही आहे ना? मामंजींचा खोकला एव्हाना थांबला असेल, तरी ते ताक मागतील तेव्हा देऊ नका. त्यांना नाही म्हणणारं तुमच्याशिवाय कुणी नव्हतं. तांबडी गाय भेटली का? शेवटी शेवटी तिला डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं, त्या अंगानं जाऊ नका, बुजते. आणि तुमची धाकटी सून नीट पोचली ना? पौषात निघाली बिचारी. तिचे गुडघे फार दुखायचे. मी रोज एरंडेल कोमट करून चोळत होते, आता कोण चोळतं? इकडे आम्ही सगळी खुशाल आहोत. माझं विचाराल तर दात गेले, कान शाबूत आहेत, आणि जीभ होती तशीच आहे.

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमच्या मांडीवर खेळलेली नातवंडं आता आपल्या पोरांवर ओरडतात. एवढ्या काळात मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. अक्षरं मी पोरांच्या पाटीवरून उचलली, भाकरी थापता थापता. मामंजींची पावलं वाजली की तुम्हीच ती पाटी परातीखाली सरकवायचात. तुम्हाला स्वतःला काही वाचता आलं नाही. म्हणून हे लिहायला बसले तेव्हा पहिला विचार हाच आला, की तुम्हाला हे वाचून कोण दाखवणार? तिकडे आपल्या माणसांतली वाचणारी बाई एक धाकटीच. मीच तिला शिकवलं. आणि जे लिहायचं आहे ते नेमकं तिच्यापासूनच लपवलेलं आहे.

गोष्ट तुळशीची. मी सून होऊन कल्याणात आले तेव्हा ती ओटीपुढच्या चौथऱ्यावर, मोठ्या मातीच्या कुंडीत होती. अंगण सारवायचं आणि रांगोळी काढायची हे माझं काम. रोज नाहून आलेली प्रत्येक बाई तांब्याभर पाणी घाली, वर देवाचं तीर्थही तिथेच, आणि कुंडीच्या बुडाच्या भोकातून ते सगळं लाल ओघळ होऊन माझ्या सारवणावर उतरे. एका सणाच्या सकाळी तुम्ही दारातून म्हणालात, "हे ओघळ फक्त मलाच दिसतात काय गो? बाकीच्यांचे डोळे माहेरी राहिले?" सगळ्या हसल्या. मला ते फार लागलं. तुम्ही तसं बोलून विसरून जायचात, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली. त्याच दुपारी मी माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याची काठासकट पट्टी फाडली, चुन्यात बुडवली आणि कुंडी कलती करून ते भोक गच्च बुजवून टाकलं. दुसऱ्या दिवशी अंगण कसं आरशासारखं! तुम्ही म्हणालात, "आता हात बसला हो हिचा." मी दिवसभर तरंगत होते.

त्याच सुमारास धाकटी लग्न होऊन आली, कोपरहून. भित्री, बारीक, जेवताना भाजी मागायची नाही. महिना दीड महिना गेला आणि तुळशीची खालची पानं पिवळी पडायला लागली. दुपारी बघावं तर मान टाकलेली. सुकतेय म्हणून जो तो आणखी पाणी घाली; कुणी सकाळचं, कुणी संध्याकाळचं, कुणी नवस बोलून. मीही घालत होते. पलीकडची काकू एक दिवस ओटीवर बसून म्हणाली, "मी सांगू? ही धाकटी बाजूला बसलेली असताना विहिरीकडे गेली ना, तेव्हा हिचा पदर लागला तुळशीला. मी डोळ्यांनी बघितलं." धाकटी रडत रडत नाही नाही म्हणत होती, पण तिचं ऐकायला बसतं कोण? मामंजी आधीच घाबरलेले, घरातली तुळस जाते म्हणजे काय! त्यांनी सांगून टाकलं, "नवी तुळस लागून तिला मंजिऱ्या येईपर्यंत ही माहेरी राहू दे. गुरुवारी गाडी जोडा." अशा पाठवलेल्या मुलींना परत आणायला मग कुणी उठत नाही, हे ऐकणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक होतं. धाकटी जात्याशी बसून नुसती खुंटा धरून होती, दळत नव्हती. मी तिच्याजवळ बसले, पण त्या भोकाचं मला सुचलं नाही. खरंच नाही सुचलं, आत्याबाई. इथवर माझा दोष अज्ञानाचा.

मग बुधवारची दुपार. ती मला अजून समोर दिसते. तुम्ही कासोटा घट्ट करता, अंगणात गोणपाट अंथरता, आणि कुंडीतल्या मातीत दोन पेरं बोट घालून ते नाकाशी नेता. "वास घे," तुम्ही मला म्हणता. मोरीत साचलेल्या पाण्याचा वास. मातीवर बारीक चिलटं उडत असतात. "वरून सुकलेली दिसते, पण ही तहानलेली नाही गो. ही बुडाली आहे." मामंजी ओटीवरून ओरडतात, "अगं, तुळस उपटतेस? घराचं काय व्हायचं?" आणि तुम्ही मान वर न करता, "उपटत नाही, बघतेय. पोर तापली की कपाळाला हात लावतोच ना आपण? मग आईला लावला तर काय बिघडलं?" असं म्हणून कुंडी आडवी करता, बुडावर थापट्या मारता, आणि सगळा गोळा गोणपाटावर येतो. काळी, बुळबुळीत मुळं. तुम्ही एक मूळ चिमटीत ओढता, त्याची साल हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो. "हे मेलेलं. आणि हे बघ, पांढरं, कट्कन तुटतं, हे जितं. अजून आहे जीव."

आणि मग तुम्ही रिकाम्या कुंडीत हात घातलात. तुमची बोटं बुडाशी थांबली. बाहेर आली तेव्हा मुठीतून हिरवं टोक दिसत होतं, माझ्या काठाचं. तुम्ही ते बघितलंत, मला बघितलंत, आणि मूठ तशीच कमरेला नेऊन ते खोचून टाकलंत. काकू पुढे वाकून विचारतेय, "काय निघालं?" तुम्ही म्हणालात, "काय निघायचंय? पाणी. माझाच हात. उठता बसता मीच ओतत होते. कुणाच्या पदरानं मुळं कुजत नाहीत, पाण्यानं कुजतात. बाळकुमला आमच्या दारापर्यंत खाडीचं पाणी यायचं, मुळं कशी मरतात ते मी लहानपणापासून बघितलंय." काकू म्हणाली, "मग गुरुवारची गाडी?" "गाडीत तू बस. तुझी शेवंती दरसाल कशानं मरते ते माहेरी विचारून ये."

तेव्हा मी बोलायचं होतं. तेवढीच वेळ होती. मी विळा आणायला आत गेले.

पुढचं सगळं तुम्ही मला हातात देऊन करून घेतलंत. विळा चुलीत तापवून काळं तेवढं कापायचं, पांढरं लागेपर्यंत. मुळं धुऊन, हळद आणि गोवरीची राख लावून, सावलीत वारा द्यायचा. वरच्या फांद्याही छाटायच्या, कारण उरलेल्या मुळांना तेवढं ओझं पेलत नाही. कुंडी कढत पाण्यानं धुऊन उन्हात टाकायची. कुणीतरी खाडीवरची रेती आणली, तर तुम्ही कण जिभेवर ठेवून थुंकलात, "खारी! हिला काय मिठागरात लावायची आहे?" मग नदीच्या वरच्या अंगाची रेती आली. भोकावर खापरीचा तुकडा, उपडा, पाणी वाहील असा. त्यावर विटांचे खडे, मग रेती घातलेली माती. आणि सगळ्यांसाठी नियम, की नमस्कार रोज करायचा, पाणी मात्र बोट कोरडं निघालं तरच.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांगोळी काढायला बाहेर आले, तर तुळशीला आधाराची काठी होती आणि ती काठीला बांधली होती माझ्या त्या हिरव्या पट्टीनं. धुऊन, पिळून, छान दोन गाठी मारून. सगळ्या घरानं ती रोज बघितली. तिचा अर्थ ठाऊक होता तो आपल्या दोघींना. मला ती शिक्षा होती, की हाताशी सापडली म्हणून बांधलीत, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. तुम्हीही एका शब्दानं बोलला नाहीत. तुळशीला नवी पालवी फुटली, धाकटी कोपरला गेली ती बाळंतपणाला, आणि आली ती लेक कडेवर घेऊन. जन्मभर ती मला म्हणायची, "त्या दिवसांत माझ्याजवळ येऊन बसलात त्या तुम्ही एकट्या." तिचे गुडघे मी एवढे का चोळत होते, ते आता कळलं असेल तुम्हाला.

परवा आपल्या तुळशीनं, म्हणजे त्याच तुळशीच्या बियांच्या बियांतून उगवलेलीनं, पुन्हा मान टाकली. नवी नातसून भक्तीनं कळशी ओतत होती. मी तिला म्हटलं, "कळशी ठेव, गोणपाट आण." तिचं बोट मातीत घालायला लावलं, वास दिला, काळं पांढरं दाखवलं. पोरगी हुशार आहे. राख लावता लावता तिनं विचारलं, "आजी, तुम्हाला हे कुणी शिकवलं?" मी तुमचं नाव सांगितलं. "मग तेव्हा कशानं कुजली होती?" मी हाताची माती झटकली आणि म्हणाले, "आमच्या सासूबाई पाणी फार घालायच्या."

ऐकणाऱ्यांत तुम्ही नव्हता, धाकटी नव्हती, काकूही कधीच गेली. तरी माझ्या तोंडून खरं आलं नाही, आणि तुमच्या माथी ते मी पुन्हा एकदा घातलं.

हे पत्र मी धाडत नाही. फडताळात, तुमच्या कुंकवाच्या करंड्याखाली ठेवते. कागदावरून धाकटीनं एकदम वाचावं असं मला वाटत नाही. वेळ बघून, तिच्या गुडघ्यांना हात लावता लावता, तुम्हीच तिला सांगा, की तिला कोपरला धाडायला निघाले होते ते माझ्या चिंधीपायी. मग ती काय म्हणाली, ते लौकर कळवा. रागावली तरी कळवा. आणि उत्तर तिच्याच हातून लिहवा. तिचं अक्षर मी ओळखीन, मीच गिरवून घेतलं होतं.