दादांचा फोन माझ्या कानात

मंगळवार, संध्याकाळ. चौबे कॉलोनी.

कणीक मळता मळता हेडफोनवर गाणी ऐकून राहिली होती. मधेच गाणं थांबलं अन् कानात नागपूरच्या दादांचा, माझ्या मोठ्या दिरांचा, आवाज. "काय रे, सांगितलं का तिले? अभनपूरच्या बदलीचं प्रमोशन घेऊ नको म्हणून?"

फोन ह्यांच्या मोबाइलवर आला होता. हे बाल्कनीत मोबाइल कानाला लावून नुसतं "हॅलो, हॅलो" करत होते. सकाळी ह्यांनी हाच ब्लूटूथ हेडफोन घेतला होता, तो ह्यांच्या मोबाइललाही जोडलेला राहिला.

सांगितलं का तिले. म्हणजे दोघा भावांनी आधीच ठरवलं? काहून? नोकरी माझी ना?

हेडफोन काढून ठेवावा वाटलं. नाही काढला. म्हटलं, "दादा, मी बोलून राहिली. अभनपूर मी घेणार आहे. रोज बसनं जाईन, बसनं येईन."

ते गडबडले. "अगं, पण घराचं कसं..."

"होईल." पिठाच्या हातानंच हेडफोन काढून ठेवला.

आमची पोट्टी हसत सुटली. "पापा, आपका कॉल तो मम्मी ने ले लिया!"

हे आत आले. "मले आधी सांगायचं तर होतं."

"तुम्ही मले विचारलं होतं?"



सांगितलं का तिले! इतकी वर्षं नोकरी केली, तरी मी नुसती 'तिले'च.

हात धुतले अन् ह्यांच्यासमोर बसूनच प्रमोशनच्या संमतीच्या अर्जावर सही केली. उद्या ऑफिस उघडताच साहेबांच्या हातात देणार.